दारावरची नोटीस

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी घर एकदा बांधून झाले की माणूस मोकळा होत असे. आज घर वर्षा-दोन वर्षांत उभे राहते. त्याची किंमत मात्र पंधरा-वीस वर्षे हप्त्याहप्त्याने फेडावी लागते. एवढ्या दीर्घ काळात आयुष्यात काय काय घडते! कारखाना बंद पडतो, घरात दुखणे येते, धंदा बसतो. पगार थांबला तरी हप्त्याची तारीख थांबत नाही. मग एके दिवशी घराच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसतो.

अशा कागदांची भाषा मराठी वाचकाला वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवरून ओळखीची आहे. 'निम्नस्वाक्षरीकार', 'प्राधिकृत अधिकारी', 'प्रतीकात्मक ताबा', 'जसे आहे जेथे आहे तत्त्वावर लिलाव' असे शब्द तेथे ओळीने बसलेले असतात. घराच्या चतुःसीमा असतात, थकलेल्या रकमेचा आकडा असतो आणि घरमालकाचे पूर्ण नाव असते. येणारे-जाणारे तो कागद वाचतात. ज्याच्यासाठी तो लिहिलेला असतो, तो मात्र पुष्कळदा वाचत नाही. लाजेने तो कागद फाडतो, किंवा त्याची घडी घालून कपाटात ठेवतो. खरे तर त्याच्या संकटातून वाट काढण्याची जी काही साधने असतात, त्यांतील पहिले साधन तो कागदच असतो.

अशा एका घरमालकाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. हे चित्र कोणा एका व्यक्तीचे नाही; अनेकांच्या अनुभवांचे ते प्रातिनिधिक रूप आहे. हा गृहस्थ मूळचा गडहिंग्लजकडचा. तरुणपणी बंगळुरूला गेला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला, आणि पुढे बँकेचे कर्ज काढून त्याने दोन खोल्यांचे घर घेतले. कर्ज घेताना पती-पत्नी दोघांनी सह्या केल्या, घराचे मूळ खरेदीखत बँकेत ठेवले. कागद बँकेकडे ठेवून केलेले हे गहाणच असते. पण हातात किल्ली आली की गहाणाचा विसर पडतो. काही वर्षांनी कारखान्यातील काम सुटले. आधी एक हप्ता चुकला, मग दुसरा, मग तिसरा.

येथून पुढे काय होते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कर्जापायी घरदार जाण्याचे दुःख मराठी मुलखाला नवे नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे आणि गहाणखते बाहेर काढून त्यांनी ती जाळली. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांतही तेच घडले. इतिहासात ही घटना 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखली जाते. सरकारने नेमलेल्या आयोगाने कारणांचा शोध घेतला, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. सावकार कोर्टात दावा लावी आणि शेतकरी तेथे फिरकतच नसे. त्याला समन्स कळत नसे, कळले तरी वाचता येत नसे, आणि वाचता आले तरी कोर्टात उभे राहण्याचे धैर्य नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन जाई. या अनुभवातून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. रोख्यावर लिहिलेला आकडा तसाच न स्वीकारता मूळ व्यवहार काय होता, हे तपासण्याचे काम त्या कायद्याने न्यायालयावर सोपवले.

त्या घटनेपासून दोन गोष्टी शिकता येतात. कागद जाळल्याने कर्ज जळत नाही. आणि ज्या दिवशी हजर राहायला हवे त्या दिवशी गैरहजर राहिले, तर बाजू खरी असूनही ऐकली जात नाही.

आता बँकेची बाजू पाहू. बँक जे कर्ज देते, ते ठेवीदारांच्या पैशातून देते. त्यात निवृत्त शिक्षकाची पुंजी असते, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम असते. पूर्वी बँकेला थकबाकी वसूल करण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे आणि तो वर्षानुवर्षे चाले. म्हणून १९९३ साली कर्जवसुली न्यायाधिकरणे स्थापन करण्याचा कायदा झाला. तरीही वसुलीला वेग येईना. त्यामुळे २००२ साली आणखी एक कायदा आला. त्याला सर्वजण 'सरफेसी कायदा' म्हणतात. या कायद्याने बँकेला मोठा अधिकार दिला. न्यायालयात दावा न लावताच तारण ठेवलेली मालमत्ता ताब्यात घ्यावी आणि विकावी, असा तो अधिकार आहे. पुढे सहकारी बँकांनाही तो लागू आहे की नाही, असा प्रश्न उपस्थित झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी निर्णय दिला की, सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो.

अधिकार मोठा असला, तरी कायद्याने तो दिवसांच्या चौकटीत बसवला आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की ते खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक मागणीची नोटीस पाठवते आणि पूर्ण रक्कम भरण्यासाठी ६० दिवसांची मुदत देते. या मुदतीत कर्जदार आपले आक्षेप लेखी कळवू शकतो. आकडा चुकला असेल, भरलेला हप्ता जमा दाखवला नसेल, तर ते येथेच लिहायचे असते. असा अर्ज मिळाला आणि बँकेला तो पटला नाही, तर तो का पटला नाही याची कारणे बँकेने १५ दिवसांत कळवलीच पाहिजेत. साठ दिवस उलटल्यानंतरच ताब्याची कारवाई करता येते. विक्री करायची तर आधी मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून किंमत ठरवून घ्यावी लागते आणि कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही. एक लाख रुपयांपर्यंतच्या तारणालाही नाही. आणि मुद्दल व व्याज मिळून वीस टक्क्यांहून कमी रक्कम उरली असेल, तर तेथेही नाही.

हे सारे कळल्यावर कपाटातील घडी केलेल्या कागदाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. त्या गृहस्थाची पत्नी एके रात्री त्याला म्हणते, "अहो, कागद नुसता ठेवून काय होणार? बँकेला काही लिहून तर द्या." तेव्हा तो पासबुके, पावत्या आणि नोटिसा जमिनीवर मांडून बसतो. प्रत्येक कागदावरची तारीख एका वहीत उतरवतो. कोणती नोटीस कधी निघाली, कधी मिळाली, कोणी सही करून घेतली. चौदा वर्षांत कोणता हप्ता कधी भरला. त्या वहीत हळूहळू एक क्रम दिसू लागतो. तो बँकेला पत्र लिहितो, पोस्टाने रजिस्टर करून पाठवतो आणि पोचपावती जपून ठेवतो. पंधरा दिवस उलटतात. उत्तर येत नाही. पुढे दारावर ताब्याची नोटीस लागते.

बंगळुरूत त्याच्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते. ताबा घेतल्याची सूचना सात दिवसांत दोन प्रमुख वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि त्यांपैकी एक वर्तमानपत्र त्या भागाच्या भाषेतील असावे लागते. हा नियम कर्जदाराच्या आणि जनतेच्या सोयीसाठी आहे. बंगळुरूत ती भाषा कन्नड. पोटासाठी त्या शहरात गेलेला मराठी माणूस कारखान्यापुरते, बाजारापुरते कन्नड बोलतो. पण छापील नोटीस त्याला वाचता येतेच असे नाही. दुसरे वर्तमानपत्र इंग्रजी असेल, तर त्यातील कायद्याचे इंग्रजी त्याला आणखी परके. अशा वेळी शेजारच्या कन्नड शिक्षकाकडे कागद नेऊन वाचून घेणे आणि ऐकताना तारखा लिहून ठेवणे, यात कमीपणा काही नाही. लाज बाजूला ठेवून कोणाला तरी विचारणे, हेच तेथे शहाणपणाचे असते.

ताब्याची कारवाई झाल्यापासून ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. कुटुंब घरातच राहत असेल आणि दारावर केवळ प्रतीकात्मक ताब्याची नोटीस लागली असेल, तरीही हा हक्क मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. बंगळुरूत अशी दोन न्यायाधिकरणे आहेत. कायद्याने पक्षकाराला तेथे वकिलामार्फत किंवा स्वतः उभे राहून बाजू मांडण्याची मुभा दिली आहे. शुल्क कर्जाच्या मागणीवर ठरते. दहा लाखांपर्यंतच्या मागणीला प्रत्येक लाखामागे ५०० रुपये; त्याहून अधिक असेल, तर ५,००० रुपये आणि दहा लाखांवरील प्रत्येक लाखामागे २५० रुपये. म्हणजे २५ लाखांच्या मागणीसाठी ८,७५० रुपये होतात.

हे दार सामान्य माणसाला आधी जवळजवळ बंदच होते. २००२ च्या मूळ कायद्यात अशी अट होती की, दाद मागायची असेल तर बँकेने मागितलेल्या रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी. ज्याच्यापाशी एवढी रक्कम असती, त्याचे घर ताब्यात जाण्याची वेळ कशाला आली असती? ८ एप्रिल २००४ रोजी 'मार्डिया केमिकल्स' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पण ही अट अन्यायकारक म्हणून रद्द केली. कर्जदाराच्या आक्षेपांचा बँकेने मनापासून विचार करावा, केवळ उपचार म्हणून नव्हे, असेही त्या निकालाने बजावले. तो खटला एका कंपनीचा होता. त्याचा लाभ मात्र दोन खोल्यांच्या घरातील माणसालाही मिळाला.

न्यायाधिकरणात पुकारा होतो. बँकेच्या बाजूने वकील उभे राहतात. दुसऱ्या बाजूला हातात कापडी पिशवी घेतलेला घरमालक. त्याच्या मनात फार दिवस साठलेले शब्द असतात. कसे राबलो, कसे पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले, नोकरी कशी गेली, हे सारे सांगावे असे त्याला वाटते. तो ते सांगू लागतो. पीठासीन अधिकारी ऐकतात आणि विचारतात, मागणीची नोटीस कोणत्या तारखेला मिळाली? तिला लेखी उत्तर दिले का? बँकेने त्यावर काय कळवले? लिलावाची नोटीस कधी मिळाली? क्षणभर त्याला हे प्रश्न कोरडे वाटतात. आपले घर चालले आहे आणि येथे तारखांचा हिशेब चालला आहे, असे वाटून तो गांगरतो. मग पिशवीतील वही त्याच्या हाती लागते आणि त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिच्यात असते.

दुःखाला कायदा नाकारत नाही. पण दुःखाचे मोजमाप त्याच्यापाशी नाही. दुःख दोन्ही बाजूंना असू शकते. ज्याचा पैसा अडकला त्या ठेवीदारालाही ते असतेच. न्यायाधिकरणापुढे प्रश्न असा असतो की, बँकेने कायद्याने घालून दिलेल्या पायऱ्या पाळल्या की नाहीत. पाळल्या नसतील, तर ती कारवाई रद्द करून ताबा परत देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. फेब्रुवारी २०१४ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालमत्तेची विक्री रद्द ठरवली; कारण ठरलेली तारीख टळल्यावर नव्याने ३० दिवसांची नोटीस न देताच ती विकली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्नाटकातील एका हॉटेलच्या प्रकरणातही नोटिशीचे नियम न पाळल्यामुळे विक्री टिकली नाही. हे नियम वरवरचे नसून बंधनकारक आहेत, हे या निकालांनी सांगितले.

दूरच्या देशांतही हाच अनुभव आला. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत लाखो घरे बँकांनी ताब्यात घेतली. २०१० साली उघडकीस आले की, काही मोठ्या संस्थांचे कर्मचारी प्रतिज्ञापत्रांवर ती न वाचताच सह्या करत होते आणि त्यांच्या आधारे घरे जात होती. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दोन घरांची विक्री अवैध ठरवली. विक्रीच्या वेळी गहाण आपल्याच नावावर आहे, हे बँकांना दाखवता आले नव्हते. बलाढ्य संस्थेचा कागदही चुकू शकतो. ती चूक वाचणाऱ्याच्याच नजरेस पडते.

तथापि, स्वतः बाजू मांडण्याच्या हक्काला मर्यादाही आहेत. कर्ज खरे असेल, तर नोटिशीतील चूक दाखवल्याने ते माफ होत नाही. बँक नियमानुसार पुन्हा कारवाई करू शकते. मिळतो तो वेळ. त्या वेळात रक्कम उभी करणे, बँकेशी तडजोड करणे किंवा घर स्वतः चांगल्या किमतीला विकून कर्ज फेडणे, हे मार्ग शोधावे लागतात. अनेकदा लिलावाला तात्पुरती स्थगिती मिळते, तीही काही रक्कम ठरावीक दिवसांत भरण्याच्या अटीवर. न्यायाधिकरणाचा निकाल विरुद्ध गेला, तर ३० दिवसांत अपील करता येते. परंतु कर्जदाराला त्यासाठी देय रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. ती कमी करून २५ टक्क्यांपर्यंत आणता येते, त्याहून खाली नाही. आणि बंगळुरूच्या माणसाला त्या अपिलासाठी चेन्नई गाठावी लागते. थेट उच्च न्यायालयात धाव घ्यावी, तर आधी न्यायाधिकरणाकडे जा, असे सांगितले जाण्याचाच संभव अधिक. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तशी ताकीदच दिली आहे.

गहाण सोडवून घेण्याच्या हक्कालाही आता मुदतीची धार आली आहे. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत रक्कम भरून मालमत्ता सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वीपर्यंत अलीकडे आणली. सप्टेंबर २०२३ मध्ये 'सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीचा अर्थ काटेकोरपणे लावला. लिलाव झाल्यानंतर कर्जदार बोलीपेक्षा अधिक रक्कम देण्यास तयार झाला होता. तरी त्याचा हक्क संपला आहे, असे न्यायालयाने ठरवले. एका दिवसाचा उशीर किती महाग पडू शकतो, हे यावरून कळते.

म्हणून एकट्यानेच लढावे, असे कोणी मानू नये. न्यायाधिकरणाचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालते आणि कायद्याच्या खाचाखोचा अनेक आहेत. राज्यघटनेच्या ३९-अ या अनुच्छेदाने पैशाअभावी कोणी न्यायापासून वंचित राहू नये, असे तत्त्व घालून दिले आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना तो उत्पन्नाच्या मर्यादेनुसार मिळतो. या कायद्याच्या व्याख्येत न्यायाधिकरणेही येतात. कर्जाच्या कागदांवर पत्नीचीही सही असते. त्या गृहस्थाच्या घरी ही गोष्ट उशिरा लक्षात आली. तिच्या नावाने अर्ज करता आला असता आणि वकीलही मिळाला असता.

वकील मिळाला, तरी घरमालकाचे काम संपत नाही. वकिलापुढेही तेच कागद ठेवावे लागतात, त्याच तारखा सांगाव्या लागतात. घर वाचेल की जाईल, हे अनेक गोष्टींवर अवलंबून असते आणि त्यांतील पुष्कळशा गोष्टी माणसाच्या हातात नसतात. हातात असते ते एवढेच, की आलेला कागद उघडावा, समजला नाही तर दुसऱ्याकडून समजून घ्यावा, उत्तर लिहावे, पोच जपावी आणि पुकारा होईल तेव्हा जागेवर हजर असावे. सुप्याच्या शेतकऱ्याला यांतील एकही गोष्ट साधणारी नव्हती. कारण त्याला अक्षर माहीत नव्हते आणि ते शिकण्याची वाटही त्याच्यासाठी खुली नव्हती. ती वाट आज प्रौढ वयातही खुली आहे. उशिरा का होईना, जो वाचायला शिकतो, त्याच्या घराविषयीचा कोणताही निर्णय त्याला न विचारता करणे पूर्वीइतके सोपे राहत नाही.